ट्रेलरचा पत्रा दर पावसाळ्यात गळतोय? आधी ती सिलिकॉनची ट्यूब खाली ठेवा

डोक्याकडचा डावा कोपरा. गादी उचलली की खाली प्लायवर बशीएवढा काळा डाग, हात लावला की गार आणि ओलसर, आणि नाक जवळ नेलं की माळ्यावर वर्षभर पडलेल्या गोधडीचा वास. हा डाग मी सलग चार पावसाळे बघितला. दरवर्षी ऑक्टोबरात वाटायचं गेला एकदाचा, दरवर्षी जूनमध्ये पहिली मोठी सर आली की साहेब परत हजर, आणि मधल्या काळात मी त्याच्यावर जेवढ्या ट्यूब रिकाम्या केल्या तेवढ्या पैशात एक बरी सायकल आली असती. पाचवा पावसाळा मात्र कोरडा गेला (एक थेंब सोडून, त्याचं शेवटी सांगतो) म्हणून आता लिहायची हिंमत करतोय.

ट्रेलर म्हणजे कसला ते आधी सांगतो. गाडीमागे जोडून न्यायचा, पाण्याचा थेंब आडवा झोपवला तर दिसेल तसा, पुढून गोल, मागे निमुळता, आत दोन माणसं झोपतील एवढी जागा आणि मागचं झाकण वर उचललं की किचन. अमेरिकेत १९३० आणि ४० च्या दशकांत लोक घरच्या घरी ठोकून बनवायचे असले ट्रेलर, कल्पना तिथली. माझा ८ फूट बाय ४ फूट, खाली एमएसच्या (साध्या लोखंडाच्या) चौकोनी पाइपची चासी, भिंती १२ मिमी मरीन प्लायच्या (पाण्याला टिकणारा प्लाय), छताला वाकणारा पातळ प्लाय दोन थरांत, आणि सगळ्यावर १ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. ८ बाय ४ चा असा एक पत्रा साधारण ८ किलो भरतो, तोच लोखंडाचा घेतला तर २३ किलो, म्हणून ॲल्युमिनियम. पत्रा गुलालवाडीतून, स्क्रू-रिवेट-बिजागऱ्या नागदेवी स्ट्रीटवरून, आणि काम मेव्हण्याच्या साकीनाक्याच्या गाळ्यात रविवार-रविवार करून. आरटीओचं पुराण इथे काढत नाही, ते वेगळ्याच ताकदीचं आहे. राहतो अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याचा समुद्र चालत दहा मिनिटं, हे लक्षात ठेवा कारण पुढे त्याचा संबंध येणारे.

आता मी काय काय केलं. पहिल्या वर्षी कोपऱ्यावर बाहेरून पांढरं सिलिकॉन, दुकानात सगळ्यात स्वस्त होतं ते, लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ना तेच. दुसऱ्या वर्षी त्याच्यावर अजून सिलिकॉन. तिसऱ्या वर्षी सगळ्या जॉइंटवर गच्चीवर लावतात ती चंदेरी पाठीची डांबरी टेप, आणि हे करताना मला स्वतःचं एवढं कौतुक वाटलं की फोटो काढून मेव्हण्याला पाठवले. चौथ्या वर्षी पाणी कमी यायच्या ऐवजी वाढलं, आणि टेप सोलून बघितली तर खाली प्लाय पापडासारखा सुटायला लागलेला. कारण आत शिरणारं पाणी जिथून शिरत होतं तिथे टेप नव्हतीच, आणि जिथून ते बिचारं बाहेर पडत होतं ती वाट मी बंद केलेली.

हे बघून आमच्या तळमजल्यावरचे काका, जे माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेत, त्यांनी विचारलं, "अरे, डबा गळतो कुठून ते राहू दे, गळतो कधी ते सांग." मी म्हटलं काका पावसात, अजून कधी गळणार. ते म्हणाले, "पावसात उभा असताना, पावसात चालताना, की पाऊस नसतानाच? तिन्हीचं औषध वेगळं." तर त्या तिन्हींचं एकेक करून सांगतो, कारण माझ्या त्या एका डागात तिन्ही निघाली, आणि म्हणूनच एकाचा बंदोबस्त केला तरी डाग जात नव्हता.

सगळ्यात सोपं म्हणजे पाऊस नसताना येणारं पाणी. जानेवारीत माळशेजला एक रात्र काढली, आभाळ निरभ्र, आणि सकाळी उठलो तर आतून छताला थेंब लटकलेले, खिडकीच्या चौकटीतून ओघळ, आणि कोपरा ओला. ही गळती नाही, हा आपलाच श्वास. झोपलेली दोन माणसं रात्रभरात सहज अर्धा लिटरच्या वर वाफ बाहेर टाकतात, आतली हवा २४ डिग्री आणि ८० टक्के दमट असेल तर २० डिग्रीच्या पत्र्यावर तिचं पाणी व्हायला लागतं, आणि घाटात थंडीच्या रात्री पत्रा २० च्या बराच खाली जातो. वर जर आत चहा केला तर विचारूच नका, कारण एक किलो गॅस जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं, हे मला शाळेत शिकवलं असणार पण कळलं त्या दिवशी. (बंद ट्रेलरमध्ये स्टोव्ह किंवा शेगडी पेटवूच नका, पाण्यासाठी नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो.)

ओळखायचं कसं, तर आतल्या प्लायवर वीतभर चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक-दोन रात्री ठेवा. प्लास्टिकच्या तुमच्या बाजूला ओल आली तर ती श्वासाची वाफ, प्लास्टिकच्या मागे आली तर पाणी भिंतीतून येतंय. माझं दोन्हीकडे आलं, नशीबच तसं. उपाय काही भारी नाही, खाली एक आणि वर एक अशी दोन जाळीची भोकं जी कायम उघडी राहतील, आणि पत्रा व आतल्या अस्तराच्या मध्ये २० मिमी थर्माकोलची शीट, फटी फोमने बुजवून. गादीखाली हवा खेळायला पट्ट्या ठोकल्या, पलंगाला असतात तशा. लोक थंडी वाजते म्हणून ती भोकं बोळे कोंबून बंद करतात आणि मग सकाळी ट्रेलर गळतो म्हणतात. आमच्या घरात हे कोणी केलं ते सांगत नाही.

आता उभं असताना येणारं पाणी. इथे माझी मोठी चूक ही की पाणी टपकतं तिथेच ते शिरतं असं धरून बसलो. आमच्या सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी आहे म्हणून काकांनी झाडांची झारी आणायला सांगितली, आणि ते बरंच झालं कारण झारीने पाणी नेमकं एका जागी पडतं. नियम एकच, खालून वर. आधी चाकांच्या वरची कड, दहा मिनिटं, आतून कोणीतरी टॉर्च घेऊन बघत बसायचं, मग खिडक्या, मग बाजूचा कोपरा, मग छत. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. मी झारीत कपड्यांची नीळ कालवली होती. छताच्या हवेच्या झरोक्यापाशी पोचलो आणि आतून पोरगी ओरडली, "बाबा निळं आलं!" झरोका छताच्या मधोमध, म्हणजे त्या कोपऱ्यापासून साडेचार फुटांवर. पाणी झरोक्याच्या फ्रेमच्या स्क्रूमधून शिरून आतल्या लाकडी पट्टीवरून घसरत पुढे डाव्या कोपऱ्यात येत होतं. तो निळा ओघळ प्लायवर अजून आहे, पुसला जात नाही, आता आम्ही पाहुण्यांना दाखवतो.

डावाच कोपरा का, हा प्रश्न मला चार वर्षं छळत होता. उत्तर एवढं साधं की लाज वाटते. आपण डावीकडून गाडी चालवतो, रस्त्याला मधून दोन्हीकडे उतार असतो, म्हणजे ट्रेलर कायम थोडा डावीकडे कललेला, आणि आमचं पार्किंगसुद्धा गटाराकडे म्हणजे डावीकडेच उतरतं. पाणी कुठूनही शिरो, मुक्कामाला डावीकडेच जाणार. तुमचाही डावाच कोपरा ओला असेल तर त्या कोपऱ्याला दोष देऊ नका, तो फक्त खालचा आहे.

झारीने सापडत नसेल तर अजून एक युक्ती आहे, थोडी विचित्र दिसते. व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू असते ना, तिचा पाइप खिडकीत पुठ्ठा लावून आत सोडायचा, बाकी सगळी भोकं टेपने बंद, दार बंद, मशीन चालू, आणि बाहेरून भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या जॉइंटवर आणि प्रत्येक स्क्रूवर फिरवायचं. जिथे फट आहे तिथे बुडबुडे. मला छतावर सोळा ठिकाणी बुडबुडे मिळाले, त्यातले अकरा स्क्रूच्या डोक्यांखाली. सेक्रेटरी खाली येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत, बहुतेक पुढच्या मीटिंगसाठी राखून ठेवलंय.

तिसरं, चालताना येणारं. हे सगळ्यात फसवं, कारण घरी कितीही झाऱ्या ओता, थेंब नाही, आणि कसाऱ्याला पोचेपर्यंत गादी ओली. याचं गणित असं आहे की ताशी ८० च्या स्पीडला समोरच्या भागावर हवेचा दाब साधारण ३०० पास्कल येतो, म्हणजे पाण्याला जवळपास ३० मिमी वर ढकलता येईल एवढा. आता माझ्या पुढच्या गोल भागावर दोन पत्रे एकमेकांवर २५ मिमी चढवलेले, मध्ये काहीच नाही, आणि वरून मी शहाण्याने खालचा पत्रा वरच्याच्या वर घेतलेला कारण तशी कड समोरून दिसत नव्हती! कौलं कोणी अशी लावतं का? गावातला कोणताही माणूस सांगेल, वरचं कौल खालच्याच्या वर. मी इंजिनिअर असून उलटं लावलं. वारा पाण्याला त्या फटीत ढकलत होता आणि दोन सपाट पत्र्यांच्या मध्ये पाणी तसंही स्वतःहून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं.

त्यात छताचा झरोका चालताना उघडा राहिला तर वरून जाणारा वारा आतली हवा ओढून घेतो, आत दाब कमी होतो, आणि मग जिथे म्हणून फट असेल तिथून ट्रेलर पाणी आणि धूळ अक्षरशः पितो. मागच्या किचनच्या झाकणाला हे सगळ्यात जास्त होतं कारण चाकांनी उडवलेलं पाणी तिथेच घोंगावत असतं. तिथे मी साधी पियानो बिजागरी (झाकणाच्या लांबीची एकसलग) लावली होती, जिच्या कण्यात प्रत्येक अर्ध्या इंचावर एक फट असते. बिजागरी तीच ठेवली, पण वरून रबराची रुंद पट्टी, वरची कड छताच्या पत्र्याखाली दाबलेली, खालची कड झाकणावर मोकळी सोडलेली, पदर सोडतात तशी. झाकणाच्या आत गाडीच्या दाराचं पोकळ रबर, कुर्ल्याला स्पेअरच्या दुकानात मीटरवर मिळतं.

बरं, शिरायच्या जागा सापडल्या, पण दरवर्षी नव्या का तयार होतात हा खरा मुद्दा. पहिल्या वर्षी ट्रेलर नवा असताना स्क्रूखाली फटी नव्हत्या ना?

उन्हाळ्यात दुपारी ट्रेलरजवळ उभे राहा, टक्, टक्, टण् असे आवाज येतात, आणि तिरकं बघितलं तर पत्र्याला पुऱ्यांसारखे फुगवटे दिसतात. संध्याकाळी परत सपाट. ॲल्युमिनियम दर डिग्रीला मीटरमागे ०.०२३ मिमी वाढतं, हे ऐकायला काहीच नाही, पण पहाटे २२ डिग्रीवर असलेला पत्रा मे महिन्याच्या उन्हात ६२ वर गेला तर ८ फुटांत सव्वादोन मिमी वाढ होते. खालचा प्लाय उन्हाने जवळपास वाढत नाही. आणि मी काय केलेलं, तर कडेच्या अँगल पट्टीतून (एल आकाराची असते ती), पत्र्यातून, थेट प्लायमध्ये दर चार इंचावर स्क्रू, घट्ट, अगदी ताकद लावून. म्हणजे पत्र्याला रोज सव्वादोन मिमी सरकायचंय आणि मी त्याला शंभर खिळ्यांनी जखडलंय. तो मग फुगतो, आणि संध्याकाळी आक्रसतो, आणि रोज थोडं थोडं करून प्रत्येक स्क्रूचं भोक लांबट करतो. एक वर्षात सील तुटतं. वरून सिलिकॉन फासून काय होणार, भोक खाली हलतच असतं.

स्क्रू काढले तेव्हा अजून एक प्रकार दिसला. स्क्रूच्या डोक्याखाली पांढरी पावडर, मिठासारखी, आणि ती खरवडली की खाली पत्र्याला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, दोन ठिकाणी तर आरपार. स्क्रू स्टेनलेसचे होते, मी मुद्दाम महागडे घेतलेले. पण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकत्र आणि वर खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली, आणि त्या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम. स्टेनलेस स्वतः गंजत नाही, शेजाऱ्याला खातं. वर्सोव्याची हवा आणि केळव्याच्या बीचवर केलेले दोन मुक्काम, मीठ कमी नव्हतंच. आणि प्लायचा पण हात आहे यात. आयएस ७१० वाल्या मरीन प्लायला कीड-बुरशी लागू नये म्हणून औषध दिलेलं असतं, सीसीए किंवा सीसीबी म्हणतात, त्यातला एक सी तांब्याचा. तांब्याचा अंश असलेलं ओलं लाकूड उघड्या ॲल्युमिनियमला चिकटून ठेवलं की पत्रा मागच्या बाजूने कुरतडला जातो. प्लाय कोरडा राहिला तर काही नाही, पण कोरडा राहत असता तर मी हे लिहीत बसलो असतो का.

तर शेवटी सगळं उघडलं. दिवाळीनंतर सुरू केलं, पाऊस पूर्ण गेल्यावर आणि प्लाय महिनाभर उन्हात वाळवून मगच, हे महत्त्वाचं, ओल्या प्लायवर काहीही मारलंत तर ओल आत कोंडली जाते. कुजलेला तुकडा कापून नवा जोडला. प्लायच्या बाहेरच्या बाजूला आणि मुख्य म्हणजे कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात, कडा पाणी स्ट्रॉसारखं ओढतात. जुनी स्क्रूची भोकं मोठी करून इपॉक्सीने भरली आणि परत मधोमध बारीक भोक पाडलं, म्हणजे उद्या पाणी स्क्रूपर्यंत आलंच तरी लाकडाला लागणार नाही.

यात सगळ्यात जास्त वेळ कशाने खाल्ला तर जुनं सिलिकॉन काढायला. तीन रविवार. थिनरने विरघळत नाही, ॲसिटोननेही नाही, ब्लेडने खरवडायचं, मग नायलॉनच्या घासणीने घासायचं, मग पुसायचं, आणि मग त्या जागेवर पाणी शिंपडून बघायचं. पाणी सपाट पसरलं तर जागा साफ. अळूच्या पानावर पडल्यासारखे मोती झाले तर सिलिकॉनचा पापुद्रा अजून आहे आणि त्याच्यावर जगातलं दुसरं काहीही चिकटणार नाही, रंग नाही, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट नाही, नवीन सिलिकॉनपण धड नाही. म्हणून म्हणतो ट्यूब खाली ठेवा. पहिल्या वर्षीच्या त्या एका ट्यूबने पाचव्या वर्षीचे तीन रविवार खाल्ले. शिवाय तो व्हिनेगरचा वास म्हणजे ॲसिटिक ॲसिड असतं, धातूला ते बरं नाही. कुठे सिलिकॉन लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं, म्हणजे तो व्हिनेगरचा वास नसलेलं घ्या, दुकानदार म्हणेल सगळं सेम आहे, नाहीये.

जोडताना पत्रा आता मोकळा ठेवलाय. कडेचा कुठलाही स्क्रू पत्र्याला आवळून जात नाही. छताचा पत्रा फक्त मध्यभागी एका ओळीत पक्का, बाकी सगळ्या कडा अँगल पट्टीखाली नुसत्या दाबलेल्या, आणि जिथे स्क्रू पत्र्यातून जातो तिथे ४ मिमी स्क्रूला पत्र्यात ७ मिमीचं भोक. पट्टीखाली ब्युटाइल टेप. ही डांबरी टेप नव्हे, च्युइंगम सारखी राखाडी किंवा काळी चिकट पट्टी असते, ती कधीच सुकत नाही, म्हणून पत्रा सरकला की तीही सोबत सरकते. अँगल पट्टी आवळली की ब्युटाइल बाजूने बाहेर येतं, ते लगेच कापू नका, दोन-तीन दिवस उन्हात राहू द्या, परत एकदा स्क्रू हलकेच आवळा, मग प्लास्टिकच्या पट्टीने जादाची काढा. मी पहिल्याच संध्याकाळी कापली आणि दुसऱ्या दिवशी परत तेवढीच बाहेर आली होती. कडेला वरून पीयू सीलंटची एक बारीक रेघ, फक्त ब्युटाइलला धूळ लागू नये म्हणून.

पुढचे पत्रे आता कौलासारखे, वरचा खालच्याच्या वर, ५० मिमी, मध्ये दोन ओळी ब्युटाइल. स्क्रू स्टेनलेसचेच, पण डोक्याखाली नायलॉन वॉशर आणि आट्यांना पीयू बुडवून. जिथे पत्रा चासीच्या लोखंडाला टेकत होता तिथे मध्ये रबराची पट्टी. पत्र्याच्या मागच्या बाजूला वॉश प्रायमर (रंग धातूला धरावा म्हणून आधी द्यायचा हात) मारून मग रंग, नुसता रंग ॲल्युमिनियमवर टिकत नाही, वर्षभरात सापाच्या कातीसारखा निघतो. आणि सगळ्यात खालच्या कडेला सीलंट अजिबात नाही, दर फुटावर ५ मिमीचं भोक. आत आलेल्या पाण्याला जायला वाट हवी, हे मी चंदेरी टेपकडून शिकलो.

रिवेटचं थोडक्यात. बाजारात मिळणारी साधी पॉप रिवेट मधून पोकळ असते, आणि तिच्या पोटात लोखंडी खिळ्याचा तुकडा अडकून राहतो, तो गंजला की पत्र्यावर तपकिरी ओघळ येतो आणि पाणी मधूनच आत. बाहेरच्या बाजूला बंद तोंडाची रिवेट मागून घ्या, शोधावी लागते, पण मिळते. रिवेटच्या मागे काळपट धुरासारखी रेघ दिसली तर ती रिवेट सैल होऊन घासली जातेय असं समजा. मुंबई-गोवा हायवेवरून एकदा पेण-माणगाव करून आलो आणि अशा सहा रेघा मोजल्या. त्या पावडरने हात काळे होतात, तो मळ नाही, घासून निघालेलं ॲल्युमिनियम आहे. ड्रिलने उडवून एक साइज मोठी मारायची.

एक गोष्ट जी कुठे वाचली नव्हती आणि अंगावर आली ती म्हणजे सिमेंट. सोसायटीचं प्लास्टरचं काम निघालं, परांचीवरून माल उडाला, मी म्हटलं सुकल्यावर झाडून टाकू. दोन दिवसांनी झाडला तर खाली पत्र्यावर पांढरे-करडे चट्टे, खोदल्यासारखे, पॉलिशनेही जाईनात. ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं. तसाच कॉस्टिकवाला क्लीनर आणि टॉयलेटचं ॲसिड, दोन्ही लांब ठेवा. बीचवरून आलात की साधं पाणी, खालून चासीच्या आत पण, आणि त्याच दिवशी, पुढच्या रविवारी नको. आमच्याकडे पाइपला बंदी असल्यामुळे मी वाटेत सर्व्हिस सेंटरला धुवून आणतो.

पत्रा आता दुपारी वाजत नाही. म्हणजे वाजतो, पण टण् नाही, हळू खरखर, सरकल्यासारखी.

आणि तो एक थेंब. जुलैमध्ये दोन दिवस न थांबता पडला तेव्हा मागच्या किचनमध्ये मिठाच्या डब्यावर पाणी. झारी, नीळ, सगळं परत. निघालं काय तर नंबर प्लेटच्या दिव्याची वायर, जी बाहेरून वरून खाली उतरत सरळ भोकात शिरते, आणि पाणी तिच्यावरून घसरगुंडीसारखं घसरत आत. वायरला भोकाच्या आधी खाली एक झोळ द्यायचा असतो, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं, आणि भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायरभोवती बसणारं कडं. ग्रोमेट आणलंय, वायर दोन इंच कमी पडतेय. काकांना सांगितलं तर म्हणाले, "रविवारी जोड मारू, पण जोड आतल्या बाजूला हं."